कॅमशाफ्ट उतरविण्याचा व बसविण्याचा क्रम : कारणमीमांसा आणि शिरोळ परिसरातील एक अनुभव

प्रास्ताविक

कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा या चार नद्यांचे पाणी लाभलेला तालुका म्हणून शिरोळची ओळख आहे. नृसिंहवाडीस पंचगंगा कृष्णेला मिळते आणि तेथून पुढचा सारा सखल प्रदेश पावसाळ्यात नदीच्या मर्जीवर असतो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांतील महापूर येथील लोकांच्या स्मरणात आजही ताजे आहेत. पूर ओसरल्यावर घरांचे, पिकांचे व जनावरांचे पंचनामे होतात, त्यांवर लेख लिहिले जातात. परंतु पाण्याखाली गेलेल्या मोटारींच्या इंजिनांचे पुढे काय होते, ती कोण उघडतो आणि कोणत्या ज्ञानाच्या आधारे उघडतो, हा विषय आपल्या अभ्यासविश्वात सहसा येत नाही. प्रस्तुत लेखात त्यांपैकी एका अगदी मर्यादित क्रियेचा, म्हणजे इंजिनातील कॅमशाफ्ट उतरवून पुन्हा बसविण्याचा, विचार करावयाचा आहे.

निमित्त एका सहकारी प्राध्यापकांच्या मोटारीचे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात त्यांची चार सिलिंडरची, दोन कॅमशाफ्टची पेट्रोल मोटार दोन दिवस बॉनेटपर्यंत पाण्यात उभी होती. त्यांनी एक शहाणपण केले : पाणी ओसरल्यावर चावी फिरवून पाहिली नाही, गाडी ओढून गॅरेजात नेली. पाणी शिरलेले इंजिन सुरू केले असते तर पाणी दाबले जात नसल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकले असते. तो अनर्थ टळला. तेल काढले तेव्हा ते ताकासारखे पांढरट होते आणि त्यात बारीक गाळ होता. गाळ हेडमधील तेलाच्या वाटांत गेला असणार, म्हणून कॅमशाफ्ट उतरवून त्या वाटा साफ कराव्यात, असे मेस्त्रींनी ठरविले. हा निर्णयही बरोबर होता. पुढे त्यांनी एका टोकाच्या बेअरिंग कॅपचे दोन्ही बोल्ट पूर्ण काढले, मग दुसऱ्या कॅपचे सैल करू लागले, आणि एक कोरडा आवाज झाला. तिसरी कॅप तडकली होती व शाफ्ट तिच्या लगत मोडला होता. महापुराने न झालेले नुकसान दहा मिलिमीटरच्या पान्याने झाले.

हे मेस्त्री नवशिके नव्हते. तीस वर्षे त्यांचे हात इंजिनात गेलेले होते. ते एवढेच म्हणाले, "सर, मारुतीत असलं काय नव्हतं." या वाक्यात तथ्य आहे, आणि ते कसे, हे समजले म्हणजे कॅमशाफ्टच्या कामातील बहुतेक सगळे समजते.

परिभाषेविषयी एक खुलासा. विश्वकोशीय मराठीत पिस्टनला दट्ट्या म्हणतात, गॅरेजात व्हॉल्व्हचा वॉल होतो. येथे 'झडप' हा शब्द स्वीकारला आहे, कारण तो घडतो काय हे सांगतो. बाकी ठिकाणी पिस्टन, कॅप, बोल्ट, टॅपेट, चेन हेच शब्द ठेवले आहेत. ते आता मराठीच आहेत.

मागावरचा कॅम आणि मळ्यातला कॅम

कॅम ही वस्तू या परिसराला मोटारीने शिकविलेली नाही. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, आणि त्या उद्योगाचा विस्तार पुढे आसपासच्या गावांत, शिरोळ तालुक्यातही झाला. साध्या यंत्रमागात दोन मुख्य शाफ्ट असतात. वरचा क्रँकशाफ्ट एक आडवा धागा टाकला जाताना एक फेरा घेतो. खालचा शाफ्ट दोन धाग्यांमागे एक फेरा घेतो आणि त्याच्यावरचे टॅपेट उभ्या धाग्यांचे दोन थर आळीपाळीने वर-खाली करतात. दोन फेऱ्यांस एक, हे प्रमाण चार-धावी इंजिनातील क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांच्या प्रमाणाशी तंतोतंत जुळते. मागाचे टायमिंग चुकले तर धोटा उभ्या धाग्यांत अडकतो आणि ताण्याचे धागे तुटतात. इंजिनाचे चुकले तर पिस्टन झडपेवर आदळतो. ज्या गावात मागाचे जॉबर पिढ्यान्‌पिढ्या हे टायमिंग लावीत आले, त्या गावात कॅमशाफ्ट ही परकी गोष्ट मानण्याचे कारण नाही.

दुसरी परंपरा नदीकाठच्या मळ्यांतली. खेड्यापाड्यांत वीज पोहोचण्यापूर्वी उसाला पाणी देण्यासाठी तेलाची इंजिने वापरली जात. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, १९४६ मध्ये पुण्यास किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरानेही शेतीच्या इंजिनांत व त्यांच्या सुट्या भागांत नाव मिळविले. अशा एका सिलिंडरच्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारी असतो. दोघांच्या गिअरांवर ठोकून केलेल्या खुणा असतात. खूण खुणेसमोर ठेवली की काम झाले. अक्षरओळख नसलेला शेतकरीही हे करू शके, कारण चुकण्याची जागाच एक होती.

मोटारींतही दीर्घकाळ हीच मांडणी टिकून होती. अ‍ॅम्बॅसडरचे १४८९ घनसेंटिमीटरचे आणि प्रीमियर पद्मिनीचे १०८९ घनसेंटिमीटरचे इंजिन, दोन्हींत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये खाली असे व लांब पुशरॉड त्याची हालचाल वर पोहोचवीत. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि कॅमशाफ्ट वर, हेडमध्ये गेला. तरी तिच्या जुन्या कार्ब्युरेटर इंजिनात मधे रॉकर होते व शाफ्ट हेडमधल्या सलग भोकांत फिरत असे. आधी रॉकरचे दांडे काढावयाचे, म्हणजे स्प्रिंगांचा शाफ्टवरचा दाब संपला, आणि मग शाफ्ट एका बाजूने लांबट ओढून घ्यावयाचा. तेथे बेअरिंग कॅप नव्हत्या. कॅपच नाहीत तर त्यांचे बोल्ट कोणत्या क्रमाने सोडावेत, हा प्रश्नही नव्हता. मेस्त्रींच्या वाक्याचा अर्थ हा. त्यांच्या तीस वर्षांच्या स्मृतीत या धोक्याची नोंद होण्याची शक्यता नव्हती.

पुढे एका सिलिंडरला चार झडपा व हेडवर दोन कॅमशाफ्ट ही रचना छोट्या मोटारींतही रुळली. बहुतेक ठिकाणी रॉकर गेले, कॅमचा उंचवटा थेट उलट्या वाटीसारख्या टॅपेटवर दाब देऊ लागला आणि शाफ्टला वरून अर्धगोल कॅपांनी धरले. म्हणजे शाफ्ट व स्प्रिंग यांच्यामधील जो दुवा आधी काढून टाकता येत असे, तोच नाहीसा झाला. आता शाफ्ट काढावयाचा तो स्प्रिंगांच्या दाबाखाली असतानाच काढावा लागतो. या एका बदलातून पुढची सगळी काळजी निर्माण होते.

कठीण कवच, ठिसूळ गाभा

शाफ्टवर किती दाब असतो? आकडे इंजिनागणिक बदलतात. परंतु साध्या प्रवासी मोटारीत बंद झडपेची स्प्रिंग सुमारे पंधरा-वीस किलोच्या वजनाइतका आणि पूर्ण उघडलेल्या झडपेची तीस-चाळीस किलोइतका जोर लावते, असे धरावयास हरकत नाही. एका सिलिंडरच्या दोन झडपा एकाच शाफ्टवर एकाच वेळी उघडतात. त्यामुळे त्या जागी साठ-सत्तर किलोंचा जोर शाफ्टला वर उचलीत असतो. चार सिलिंडरच्या इंजिनात शाफ्ट कसाही फिरवून ठेवला तरी एखादी तरी जोडी थोडीफार उघडी राहतेच. सर्व उंचवटे मोकळे आहेत अशी स्थिती मिळत नाही.

आता धातूकडे पाहू. इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असता कॅमशाफ्ट १५०० फेरे घेतो, म्हणजे प्रत्येक झडप सेकंदास पंचवीस वेळा उघडते. उंचवट्याच्या टोकावर एवढ्या वेळा घासणारा दाब सहन करावयाचा तर पृष्ठभाग अत्यंत कठीण हवा. त्यासाठी कॅमशाफ्ट पुष्कळदा चिल्ड ओतीव लोखंडाचे करतात. साच्यात उंचवट्यांच्या जागी धातूचे तुकडे बसवलेले असतात. ओतलेला रस त्यांना भिडताच तेथे झटकन थंड होतो आणि त्यातील कार्बनला ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपाने वेगळे होण्यास अवधी मिळत नाही. तो लोहाशी संयोग पावून सिमेंटाइट हे अतिकठीण संयुग बनते. शाफ्टचा बाकीचा भाग सावकाश थंड होऊन करडे लोखंड राहतो. सोलापूर येथे १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी या प्रकारच्या शाफ्टांसाठी ओळखली जाते व देशी-विदेशी मोटार कारखान्यांना ते पुरविते. ओतकामाची परंपरा असलेल्या कोल्हापूर भागातील वाचकास यातले काही नवे वाटणार नाही. बिडाचा भाग दाबाला चिवट पण वाकवू गेल्यास कडकन मोडतो, हे येथे घरोघर ठाऊक आहे.

ही दोन माहिती एकत्र आणली की त्या दिवशीच्या आवाजाचा उलगडा होतो. टोकाची कॅप पूर्ण सुटली, लगतची सैल होऊ लागली, आणि त्या टोकाच्या सिलिंडरची झडपांची जोडी उघडी होती. स्प्रिंगांनी शाफ्टचे ते टोक उचलले. पुढची घट्ट असलेली कॅप तरफेचा टेकू बनली. शाफ्ट पोलादी गज असता तर थोडा लवला असता. बिडाचा असल्यामुळे तो मोडला, आणि मोडण्यापूर्वी त्याने अ‍ॅल्युमिनियमची कॅप तडकवली. झिजू नये म्हणून धातूला जो गुण ओतशाळेत दिला, त्याचीच दुसरी बाजू गॅरेजात समोर आली. पोलादी किंवा पोकळ नळीवर उंचवटे बसविलेले शाफ्ट आता पुष्कळ इंजिनांत असतात व ते असे मोडत नाहीत. पण त्यांच्या कॅपा अ‍ॅल्युमिनियमच्याच असतात, म्हणून पद्धत बदलत नाही.

कॅप तडकण्याचे नुकसान कॅपपुरते का राहत नाही, हेही सांगितले पाहिजे. कारखान्यात हेड व कॅपा एकत्र आवळून मग त्यांतून एका सरळ रेषेत भोके कातली जातात. प्रत्येक कॅप त्या हेडच्या त्या जागेशी जन्मतःच जोडलेली असते. दुसऱ्या हेडची कॅप वरून दिसावयास सारखी असली तरी शतांश मिलिमीटरचा फरक पडतो आणि शाफ्ट जाम होतो. कॅप सुटी विकत मिळत नाही. एक कॅप गेली म्हणजे बहुधा हेड गेले. सदर प्राध्यापकांना वापरलेले हेड शोधून आणावे लागले, आणि विम्याच्या दाव्यात ते बसले नाही, कारण ते पुराचे नुकसान नव्हते.

उतरविताना

वीजजोड तोडून, वरचे कव्हर व स्पार्क प्लग काढून क्रँकशाफ्ट पान्याने, इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनेच, हाताने फिरवावा. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या धावेच्या शेवटी वरच्या टोकास आणावा. पिस्टन वर येण्याचे प्रसंग दोन असतात, एक दाबानंतर व एक धूर बाहेर टाकल्यानंतर. या दोहोंत शाफ्टच्या अर्ध्या फेऱ्याचा फरक असतो. पहिल्या सिलिंडरचे उंचवटे टॅपेटवरून बाजूला झुकलेले व दोन्ही झडपा बंद असतील तर आपण योग्य जागी आहोत. चक्रांवरच्या खुणा या वेळी एकमेकींस जुळलेल्या दिसतात. त्या कंपनीच्या असल्या तरी चेनच्या कड्यांवर व चक्रांवर आपला रंगाचा ठिपका द्यावा. गाळाने भरलेल्या इंजिनात कंपनीची खूण वाचता येईलच असे नाही.

त्यानंतर चेनच्या टेन्शनरचा दट्ट्या आत दाबून पिनने अडकवावा व चेन ढिली करावी. चक्राचा बोल्ट सोडताना शाफ्ट फिरू नये म्हणून त्याच्यावर षट्कोनी भाग ठेवलेला असतो, तेथे पाना लावावा. चेनच्या ताणाने शाफ्ट धरणे चुकीचे आहे. आता चेन निघाली की क्रँक व कॅमशाफ्ट यांचा संबंध तुटला. या अवस्थेत कोणी कुतूहलाने क्रँक फिरविला तर वर येणारा पिस्टन उघड्या झडपेवर आदळतो. चार सिलिंडरच्या सरळ इंजिनात क्रँक वरच्या टोकापासून पाव फेरा मागे ठेवला तर चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर येतात आणि हा धोका राहत नाही. काही माहितीपुस्तिका तसे स्पष्ट सांगतात, काही सांगत नाहीत. ज्यांत सांगितलेले नाही त्यांतही, जेथे चेन धरून ठेवणे शक्य आहे तेथे, तसे करणे शहाणपणाचे.

मग कॅपांचे बोल्ट. माहितीपुस्तिकेत त्यांना क्रमांक दिलेले असतात. सर्वसाधारण रीत अशी की दोन्ही टोकांकडून मध्याकडे यावे आणि एका वेळी प्रत्येक बोल्ट पाव ते अर्धा फेराच सोडावा. सर्व बोल्टांवरून असे चार-पाच वेळा फिरावे. शाफ्ट हळूहळू, सगळीकडे सारखा, आपल्या बैठकीतून वर येतो. प्रस्तुत लेखकाच्या मते यात बाहेरून आत या क्रमापेक्षा 'थोडे थोडे आणि सगळीकडे' हा भाग अधिक महत्त्वाचा आहे. क्रम अचूक पाळूनही एकेक बोल्ट पुरता काढला तर अनर्थ होईल. क्रमात एखादी चूक होऊनही पाव-पाव फेऱ्याने सोडले तर शाफ्ट बहुधा वाचेल. सर्व बोल्ट हाताने फिरू लागेपर्यंत एकही पूर्ण काढू नये. एअर गनचे येथे काही काम नाही.

कॅपा निघतील तशा त्यांच्या जागेप्रमाणे व दिशेप्रमाणे मांडून ठेवाव्यात. त्यांवर क्रमांक व पुढची बाजू दाखविणारा बाण असतो. टॅपेट लोहचुंबकाने उचलावेत व प्रत्येकाची जागा लिहून ठेवावी. आपल्याकडील गॅरेजांत यासाठी अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे वापरतात. परदेशी हत्यारांच्या यादीत त्यासाठी खास पेट्या असतात, पण सोळा टॅपेटांना अंड्यांच्या ट्रेइतकी सोयीची वस्तू क्वचितच सापडेल.

तपासणी

पुराच्या गाडीत तपासणीचा रोख थोडा निराळा असतो. एरवी झीज पाहावयाची असते, येथे गंज व गाळ. पाण्यात दोन-तीन दिवस राहिलेल्या शाफ्टच्या जर्नलवर, म्हणजे कॅपांत फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, तेल निथळून गेलेल्या जागी गंजाचे डाग पडतात. नख फिरवून लागेल असा खड्डा असेल तर शाफ्ट बाद. केवळ डाग असेल तर तो अतिबारीक पॉलिशपेपरने, तेल लावून, परिघाच्या दिशेने पुसता येतो. हेडमधील तेलाची भोके तार घालून, रॉकेलने धुऊन व हवेच्या झोताने साफ करावीत. नदीचा गाळ अंगठ्यावर घेतला तर मऊ वाटतो, पण त्यात वाळूचे सूक्ष्म कण असतात. जर्नल व बैठक यांमधील फट साधारणतः मिलिमीटरच्या तीन ते आठ शतांशांइतकी, म्हणजे केसाच्या जाडीच्या आसपास, असते. त्या फटीत तेलाचा थर शाफ्टला उचलून धरतो. तेथे वाळूचा कण गेला की अ‍ॅल्युमिनियमची बैठक ओरखडली जाते.

ही फट मोजण्याची रीत साधी व सुंदर आहे. प्लास्टिगेज नावाच्या मऊ धाग्याचा तुकडा कोरड्या जर्नलवर आडवा ठेवून कॅप ठरलेल्या टॉर्कने आवळावयाची आणि शाफ्ट जराही न फिरविता पुन्हा सोडावयाची. धागा जितका चपटा झाला तितकी फट कमी. सोबतच्या पट्टीवर रुंदी पडताळली की आकडा मिळतो. शाफ्ट सरळ आहे की नाही हे दोन व्ही-ठोकळ्यांवर ठेवून डायल गेजखाली फिरवून कळते. जवळपास लेथ असलेल्या कोणत्याही कारखान्यात हे होऊ शकते, आणि जयसिंगपूर परिसरात असा कारखाना शोधावा लागत नाही.

बसविताना

बसविण्याची क्रिया उलट क्रमाने करावी असे पुस्तकांत एका ओळीत लिहिलेले असते. ही ओळ अपुरी आहे, कारण उतरविताना शाफ्ट मोकळा करावयाचा असतो, बसविताना तो नेमक्या कोनात अडकवावयाचा असतो.

आधी बोल्टांची भोके कोरडी करावीत. तळ बंद असलेल्या भोकात तेल साचले तर बोल्ट ते दाबतो, तेलाला जावयास जागा नसते आणि हेडचे अ‍ॅल्युमिनियम तडकते. याउलट टॅपेट, उंचवटे व जर्नल यांना स्वच्छ तेल भरपूर लावावे, कारण सुरुवातीच्या काही क्षणांत पंपाचे तेल तेथवर पोहोचलेले नसते. शाफ्ट ठेवताना पहिल्या सिलिंडरचे उंचवटे टॅपेटवर दाबत नाहीत अशा स्थितीत ठेवावा. कॅपा क्रमांक व बाण पाहून ठेवाव्यात आणि सर्व बोल्ट प्रथम बोटांनी लावावेत.

आवळताना मध्यापासून टोकांकडे जावे. सतरंजी अंथरताना आपण मधून कडेकडे हात फिरवितो, त्यामागचे कारण हेच : सुरकुतीला बाहेर जाण्यास वाट राहते. टोके आधी आवळली तर शाफ्टमधील थोडासा बाकही मध्ये कोंडला जातो. येथेही तीन-चार फेऱ्यांत, थोडे थोडे. शेवटचा फेरा टॉर्क पान्याने. या बोल्टांचा व्यास बहुधा सहा मिलिमीटर असतो व त्यांना साधारण दहा ते बारा न्यूटन-मीटर एवढाच टॉर्क लागतो. चाकाच्या नटाला याच्या आठ-दहा पट लागतो. चाकांवर तयार झालेला हात येथे वापरला तर आटे निघून येतात.

चेन चढविताना टेन्शनरच्या विरुद्ध बाजूची चेन ताठ ठेवून सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूस आणावा, खुणा जुळवाव्यात, मग पिन काढावी. कॅमशाफ्टच्या चक्रास ३६ दाते असतील तर एका दात्याची चूक म्हणजे शाफ्टचा १० अंश व क्रँकचा २० अंश फरक. एवढ्याने काही इंजिने सुरू होतात पण ओढत नाहीत. काहींत झडप पिस्टनला लागते.

यानंतर इंजिन सुरू न करता क्रँक पान्याने दोन पूर्ण फेरे फिरवावा. मध्येच काही अडले तर जोर लावू नये, परत मागे येऊन पाहावे. दोन फेऱ्यांनंतर चक्रांवरच्या खुणा पुन्हा हेड व ब्लॉकवरच्या खुणांसमोर आल्या पाहिजेत. याच टप्प्यावर एक घोटाळा होतो आणि चांगले मेस्त्री देखील त्यात सापडतात : चक्रांच्या खुणा जुळतात, परंतु चेनच्या रंगीत कड्या भलतीकडेच गेलेल्या दिसतात. मग चेन चुकली असे समजून ती पुन्हा उतरविली जाते. वस्तुतः येथे काही चुकलेले नसते. समजा क्रँकच्या चक्रास १८ दाते आणि चेनमध्ये १२२ कड्या आहेत. क्रँकच्या दोन फेऱ्यांत चेन ३६ कड्या पुढे सरकते. रंगीत कडी पुन्हा मूळ जागी येण्यासाठी ३६ व १२२ यांचा लघुतम साधारण विभाज्य, म्हणजे २१९६ कड्या, सरकाव्या लागतील. त्यासाठी क्रँकचे १२२ फेरे लागतात. रंगीत कडी केवळ बसविण्याच्या क्षणापुरती असते. शालेय गणितातला लसावि येथे एका संध्याकाळचे श्रम वाचवितो. गणिताच्या अध्यापकांनी हे उदाहरण वर्गात अवश्य घ्यावे.

शेवटी झडपांची फट. थंड इंजिनात उंचवट्याची पाठ व टॅपेट यांमध्ये फिलर गेजची पट्टी सरकवून ती मोजतात. प्रवेशाच्या झडपेस ०.२ व उत्सर्गाच्या झडपेस ०.३ मिलिमीटरच्या आसपास, अचूक आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. उत्सर्गाची झडप अधिक तापते व लांबते म्हणून तिला जागा जास्त. फट बदलावयाची तर टॅपेटवरील चकती बदलतात, किंवा जेथे चकती नसते तेथे निराळ्या जाडीचा टॅपेट घालतात. नवी जाडी = जुनी जाडी + मोजलेली फट − हवी असलेली फट. जुनी चकती २.४० मिलिमीटरची, फट ०.३१ आली, हवी ०.२०. म्हणजे २.५१ हवी, २.५० ची मिळेल, आणि फट ०.२१ राहील. ते चालते. सीएनजीवर चालविलेल्या गाड्यांत झडपेची बैठक झिजून ही फट उलट कमी होत गेलेली आढळते, आणि कमी झालेली फट आवाज करीत नसल्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. हायड्रॉलिक टॅपेट असतील तर फट मोजावी लागत नाही, मात्र शाफ्ट बसविल्यावर क्रँक फिरविण्यापूर्वी ते दबून खाली बसेपर्यंत थांबावे लागते.

पुन्हा त्या गाडीकडे

दुसरे हेड आणल्यावर त्याच मेस्त्रींनी ते बसविले. गाडीच्या मालकांनी तसा आग्रहच धरला होता, आणि तो योग्य होता असे वाटते. एकदा हातून मोडलेल्या शाफ्टइतका चांगला धडा दुसऱ्या गॅरेजात मिळाला नसता. या वेळी इंजिनाच्या माहितीपुस्तिकेतील आकृतीची छापील प्रत कव्हरवर चिकटविलेली होती. मजकूर इंग्रजीत होता, परंतु बोल्टांवरचे क्रमांक वाचावयास इंग्रजी लागत नाही. प्राध्यापकांनी प्रत्येक बोल्टाचा क्रमांक मोठ्याने म्हणावा आणि मेस्त्रींनी पाव फेरा द्यावा, असे ते काम दुपारभर चालले. महाविद्यालयात थिअरी ऑफ मशीन्स शिकविणारे शिक्षक कॅमच्या आकृत्या फळ्यावर काढतात, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम चालतो, पण बोल्ट या क्रमानेच का सोडावयाचा, याचे मराठीत लिहिलेले उत्तर त्या दोघांपाशीही नव्हते. मेस्त्रींनी ते स्वतःच्या शब्दांत मांडले : शाफ्ट काढायचा नाही, त्याला उठू द्यायचा.

इंजिन सुरू करण्यापूर्वी इंधनाचा पुरवठा व ठिणगी बंद ठेवून स्टार्टरने ते काही सेकंद फिरविले, तेलाच्या दाबाचा दिवा विझल्याची खात्री केली आणि मग चावी दिली. आरंभी हेडमधून टकटक ऐकू आली. तेल वरपर्यंत चढले तशी ती थांबली. पाचशे किलोमीटरनंतर तेल व फिल्टर पुन्हा बदलले, तेव्हा काढलेल्या तेलाच्या तळाशी चिमूटभर गाळ अजूनही होता.